एका सदराचे १९७५ साल: स्वयंभू संख्या, एप्रिलची थट्टा आणि पंचकोनी फरश्या

भूमितीची कोडी आणि गणिती थट्टा एकमेकांना कळवायच्या, उत्तरे ताडून पाहायची आणि समोरच्याची चूक सापडली तर तीही आनंदाने कळवायची, ही हौशी मंडळींची रीत जुनी आहे. विसाव्या शतकात तिला जगभरचा वाचकवर्ग मिळाला, तो मुख्यतः ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील एका सदरामुळे. मार्टिन गार्डनर यांनी ते १९५७ पासून जवळपास २५ वर्षे चालवले. त्यांची पदवी तत्त्वज्ञानाची होती, आणि एखादी गोष्ट आधी स्वतःला नीट समजल्याशिवाय ते लिहीत नसत. त्यामुळेच त्यांचे लेखन वाचता वाचता सामान्य वाचकाचा हात पेन्सिलीकडे जात असे. या सदराचे बळ कशात होते हे पाहायचे, तर १९७५ या एकाच वर्षातील तीन अंक पुरेसे आहेत.

मार्चच्या अंकात गार्डनर यांनी देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्यांची ओळख करून दिली. डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शाळामास्तर होते आणि आपले शोध छोट्या पुस्तिकांच्या रूपाने पदरमोड करून छापत असत. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते: १४ पासून १९ आणि १५ पासून २१. मात्र २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून तयार होत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले. देवळाच्या मूर्तीसाठी वापरला जाणारा हा शब्द त्यांनी फार नेमका निवडला, असे मला वाटते. चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नसतील तर) उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की शेवटी येणारी ६१७४ ही त्यांची प्रसिद्ध संख्या त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडली होती. पण त्यांचे नाव देशाबाहेरच्या हौशी वाचकांपर्यंत पोहोचले ते या सदरामुळे.

पुढच्याच महिन्यात गार्डनर यांनी एक एप्रिलचे निमित्त साधून सहा बनावट ‘शोध’ अगदी गंभीर सुरात जाहीर केले. फ्लशचा संडास लिओनार्दो दा विंचीने शोधला, हा त्यांतला एक. दुसरा असा, की ‘ई’ (e, सुमारे २.७१८) या आधारसंख्येचा ‘पाय (π) गुणिले १६३ चे वर्गमूळ’ इतका घात केला की पूर्णांक मिळतो. यातली मेख विलक्षण आहे, कारण त्या संख्येत दशांशचिन्हानंतर ओळीने बारा वेळा ९ येतो आणि मगच ती पूर्णांक नसल्याचे कळते. गार्डनर यांनी हे भाकीत रामानुजन यांच्या नावावर खपवले. त्या संख्येला ‘रामानुजन स्थिरांक’ हे नाव चिकटले ते या थट्टेमुळेच. तिसऱ्या ‘शोधा’त ११० प्रदेशांचा एक नकाशा छापून तो रंगवायला किमान पाच रंग लागतात, असा दावा केला होता. शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगाचे ठेवून कोणताही नकाशा चारच रंगांत रंगवता येतो का, हा चार रंगांचा प्रश्न तोवर सुटलेला नव्हता. तो येतो याची सिद्धता अपेल आणि हाकेन या गणितज्ज्ञांनी पुढच्या वर्षी दिली. अनेक वाचकांनी तो किचकट नकाशा चारच रंगांत रंगवून गार्डनर यांना पाठवला. थट्टेला उत्तर म्हणून कुणी तासन्‌तास रंगपेन्सिली घेऊन बसावे, यापेक्षा मोठी दाद गणिताच्या सदराला कोणती मिळणार?

जुलैचा अंक मात्र या सगळ्यांत भारी ठरला. विषय होता फरसबंदीचा. कोणत्याही एकाच त्रिकोणाच्या किंवा एकाच चौकोनाच्या प्रती जोडून सपाट जमीन फट न राहता भरता येते. सुसम पंचकोनाने ते साधत नाही. त्याचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा असतो. तीन फरश्या एका बिंदूपाशी आणल्या की ३२४ अंश भरतात आणि ३६ अंशांची फट उरते, तिच्यात चौथी मावत नाही. पण बाजू आणि कोन असमान ठेवले तर काही बहिर्वक्र (आत वळलेला कोपरा नसलेले) पंचकोन बरोबर बसतात. गणितज्ज्ञ राइनहार्ट यांनी १९१८ साली असे पाच प्रकार दाखवले होते, कर्शनर यांनी १९६८ साली आणखी तीन शोधून यादी पूर्ण झाल्याचे सांगितले, आणि गार्डनर यांनी तेच छापले.

वाचकांनी ते अंतिम मानले नाही. रिचर्ड जेम्स यांनी नववा प्रकार शोधून कळवला आणि डिसेंबरच्या अंकात त्याची नोंद झाली. सॅन डिएगो येथील मार्जोरी राईस यांच्या घरी मुलासाठी हे मासिक येत असे. पाच मुलांच्या या आईचे गणित शाळेपुरतेच होते. स्वयंपाकघरातील ओट्यावर त्या आकृत्या काढत, कुणी आले की चटकन झाकून ठेवत. रूढ चिन्हे ठाऊक नसल्याने बाजूंचे आणि कोनांचे संबंध लिहिण्यासाठी त्यांनी स्वतःचीच खुणांची पद्धत तयार केली. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक नवा प्रकार कळवला. गार्डनर यांनी ते काम गणितज्ज्ञ डोरिस शाटश्नायडर यांच्याकडे तपासायला दिले. त्यांनी ती अनोळखी खूणलिपी उलगडली आणि रचना अचूक असल्याचे सांगितले. १९७७ अखेर राईसबाईंच्या नावावर चार प्रकार जमा झाले होते.

चौदावा प्रकार १९८५ साली आणि पंधरावा, संगणकाच्या मदतीने, २०१५ साली सापडला. याहून अधिक प्रकार नाहीत याची सिद्धता मिशेल राव यांनी २०१७ मध्ये मांडली. राईसबाईंचे निधन त्याच वर्षी झाले. त्यांच्या एका रचनेच्या फरश्या वॉशिंग्टन येथे, अमेरिकेतील गणिताच्या संघटनेच्या मुख्यालयात, आत शिरतानाच्या दालनात १९९९ साली बसवण्यात आल्या.