पंतप्रधान गेल्यानंतरचं पहिलं भाषण

आपल्या देशात पदावर असताना तीन पंतप्रधान गेले. २७ मे १९६४ ला जवाहरलाल नेहरू, ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री आणि ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी. तिन्ही वेळा नव्या माणसाला शोकात बुडालेल्या देशासमोर पहिल्यांदा बोलावं लागलं. त्या भाषणांतली वाक्यं पुढे पुष्कळदा उद्धृत झाली, पण मृत्यू आणि भाषण यांच्या मधल्या काळात आणि भाषणानंतरच्या पहिल्या काही तासांत सरकार काय करत होतं, याची चर्चा कमी होते. माझ्या मते या भाषणांचं वजन तिथेच ठरतं.

याची सुरुवात शोधायची तर ३० जानेवारी १९४८ पर्यंत मागे जावं लागतं. नेहरू तेव्हा नवे पंतप्रधान नव्हते, तरी गांधीहत्येच्या संध्याकाळी आकाशवाणीवरून ते जे बोलले, त्यानंतर देशावर घाला पडला की रेडिओवरून धीर द्यायचा, हे जणू ठरूनच गेलं. ‘आपल्या आयुष्यातला प्रकाश गेला’ हे त्यांचं वाक्य सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी रेडिओने मारेकरी हिंदू असल्याचं आवर्जून सांगितलं. मारणारा मुसलमान होता अशी अफवा पसरली असती, तर फाळणीच्या जखमा ओल्या असलेल्या देशात काय झालं असतं, याची धास्ती त्यामागे होती. ती खबरदारी मोलाची ठरली. मात्र मारेकऱ्याचं नाव आणि जात कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. दिल्लीतून केलेलं शांततेचं आवाहन इथे वेळेवर कामी आलं नाही, हे आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी विसरू नये.

१९६४ ची गोष्ट वेगळी होती. जानेवारीत भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून ‘नेहरूंनंतर कोण?’ हा प्रश्न उघडपणे विचारला जात होता. पंतप्रधानाचं निधन झाल्यास पुढे कोणी, याबाबत घटनेत तपशीलवार तरतूद नाही. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी त्याच दिवशी ज्येष्ठ मंत्री गुलझारीलाल नंदा यांना हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ दिली आणि पक्षाला विचार करायला उसंत मिळाली. ती उसंत कामराज यांनी नीट वापरली. काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मुख्यमंत्री, खासदार, पुढारी अशा सगळ्यांचा कल जाणून घेतला. एके काळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले मोरारजी देसाई या पदासाठी इच्छुक होते आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. तरीही २ जूनला संसदीय पक्षाच्या बैठकीत शास्त्रींचं नाव नंदांनी सुचवलं आणि मोरारजींनी त्याला अनुमोदन दिलं. दुसऱ्या नावावर मतदान घ्यायची वेळच आली नाही. मला हा प्रसंग भारतीय लोकशाहीतल्या फार मोठ्या प्रसंगांपैकी एक वाटतो. त्यावर लिहिलं मात्र कमी जातं.

शास्त्रींनी ९ जूनला शपथ घेतली आणि ११ जूनला ते आकाशवाणीवरून बोलले. नेहरूंना जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. प्रत्येक राष्ट्राच्या आयुष्यात इतिहासाच्या चौरस्त्यावर उभं राहून वाट निवडायची वेळ येते, पण आपल्याला अडखळायचं कारण नाही, आपला रस्ता सरळ आणि स्पष्ट आहे, असं ते म्हणाले. देशात समाजवादी लोकशाही उभारायची आणि बाहेर जगाशी शांततेने, मैत्रीने राहायचं, हा तो रस्ता. लोकांची एकजूट उभारण्यापेक्षा महत्त्वाचं काम दुसरं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पाकिस्तानशी फार काळ बेबनाव राहिला, आता हा प्रवाह उलटा फिरवायला हवा, असं आवाहन केलं. त्याला ताजा संदर्भ होता. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला, प्रेषित मुहम्मदांचा मानला जाणारा पवित्र केस चोरीला गेल्यानंतर त्या वर्षाच्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात आणि कलकत्त्यात दंगली झाल्या होत्या, आणि काश्मीरमधला तो तिढा सोडवायला नेहरूंनी शास्त्रींनाच पाठवलं होतं. म्हणजे बोलणारा माणूस त्या आगीतून नुकताच जाऊन आला होता. पुढच्या वर्षी युद्ध झालंच, पण त्यामुळे ते आवाहन पोकळ ठरत नाही.

१९६६ मध्ये पुन्हा नंदा हंगामी पंतप्रधान झाले. या वेळी मोरारजींनी माघार घेतली नाही. १९ जानेवारीला मतदान झालं आणि इंदिरा गांधी ३५५ विरुद्ध १६९ मतांनी निवडून आल्या. २४ जानेवारीला त्यांचा शपथविधी झाला. दोन दिवसांनी, प्रजासत्ताक दिनी, त्यांनी देशाला उद्देशून भाषण केलं. दुष्काळाने अन्नधान्याची ओढ लागलेली होती. हेतू आणि कृती यांत फार अंतर पडतं, ते बुजवायला प्रशासनात मोठे बदल करावे लागतील, अशी रोखठोक कबुली त्यात होती.

१९८४ मध्ये मात्र उसंत मिळालीच नाही. सकाळी सव्वानऊच्या सुमाराला सफदरजंग रोडवरच्या निवासस्थानी इंदिराजींवर त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. राजीव गांधी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते आणि राष्ट्रपती झैलसिंग येमेनमध्ये. बीबीसीवर बातमी येऊन गेली तरी आकाशवाणी संध्याकाळपर्यंत गप्प होती. हंगामी पंतप्रधान नेमायचा पायंडा बाजूला ठेवून राजीव यांना त्याच संध्याकाळी शपथ देण्यात आली. त्यांचं वय चाळीस होतं आणि मंत्रिपदाचा अनुभव शून्य. त्या रात्रीच्या भाषणात त्यांनी सांगितलं की इंदिराजी केवळ माझी आई नव्हत्या, साऱ्या देशाची आई होत्या. शांत राहा, भावनांच्या आहारी जाऊ नका, देशात कुठेही हिंसा झाली तर त्यांच्या आत्म्याला त्याइतका क्लेश दुसऱ्या कशाने होणार नाही.

शब्दांत काहीच खोट नव्हती. पण विमानतळावरून एम्सकडे निघालेल्या राष्ट्रपतींच्या ताफ्यावर त्याआधीच दगडफेक झाली होती आणि इस्पितळाच्या आसपास शिखांवर हल्ले सुरू झाले होते. दुसऱ्या दिवसापासून दिल्लीतल्या त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी या वस्त्या जळू लागल्या. पोलीस बहुतेक ठिकाणी बघत राहिले, काही ठिकाणी त्यांनी शिखांकडचीच शस्त्रं काढून घेतली, आणि लष्कराचा प्रभावी वापर व्हायला उशीर झाला. अधिकृत आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मारली गेली. रेडिओवर ‘संयम ठेवा’ म्हणणाऱ्या पंतप्रधानांच्या हातात त्याच रात्री पोलीसही होते आणि लष्करही. म्हणून ते भाषण आज वाचताना मला त्यातल्या चांगल्या शब्दांचाच राग येतो.

१९ नोव्हेंबरला, इंदिराजींच्या जयंतीला, बोट क्लबवरच्या सभेत राजीव म्हणाले की मोठं झाड पडतं तेव्हा जमीन थोडी हलतेच. शीख कुटुंबांच्या मनात पहिल्या रात्रीचं आवाहन राहिलं नाही, हे वाक्य राहिलं. चौकशीसाठी रंगनाथ मिश्र आयोग नेमायला एप्रिल १९८५ उजाडलं. त्यानंतर समित्या आल्या, नानावटी आयोग आला, आणि ऑगस्ट २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत उभं राहून शीख समाजाचीच नव्हे तर साऱ्या देशाची माफी मागितली.