रेजिना सिल्वेरा: वर्गात शिकवलेल्या सावल्या

चित्रकार रेजिना सिल्वेरा यांचा जन्म 1939 सालचा, दक्षिण ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातला. कलाशिक्षण तिथल्याच विद्यापीठात झालं. पुढे इबेरे कामार्गो या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली त्या शिकल्या आणि सुरुवातीला रीतसर रंगचित्रंच काढत होत्या. 1969 ते 1973 या काळात त्यांनी प्वेर्तो रिकोत अध्यापन केलं. मायदेशी 1964 पासून लष्कराची सत्ता होती. परत आल्यावर त्या साव पाउलोत राहिल्या आणि 1974 पासून तिथल्या विद्यापीठात शिकवू लागल्या.

त्यांच्या कलेचं मूळ मला याच अध्यापनात दिसतं. यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह), म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याचं तंत्र, हा कलाशाळेतला रुक्ष विषय: क्षितिजरेषा, लोपबिंदू (समांतर रेषा दूरवर मिळताना दिसतात तो बिंदू), पट्टी आणि पेन्सिल. सिल्वेरांनी त्याचे नियम मोडले नाहीत, ते शेवटपर्यंत ताणले. पाहणाऱ्याच्या नजरेची जागा भलतीकडे सरकवली, की घरातली साधी वस्तूही ओळखू न येण्याइतकी लांबते. 1980 ची ‘अनामोर्फास’ मालिका यातूनच आली. 1983 च्या साव पाउलो बिएनालमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांनी रिकामे चौथरे ठेवले आणि जमिनीवर, तयार वस्तूच कलाकृती म्हणून मांडणाऱ्या मार्सेल द्युशांच्या सायकलच्या चाकाची व बाटल्यांच्या स्टँडची सावली पसरवली. वस्तू गायब, सावली हजर. पुढच्याच वर्षी त्यांची डॉक्टरेट पूर्ण झाली.

माझ्या मते त्यांचं सर्वांत धारदार काम 1994 चं, ‘संताचा विरोधाभास’. चौथऱ्यावर लोककारागिराने घडवलेला, घोड्यावर बसलेला संत सांतियागो, लाकडी आणि अगदी लहानसा. त्याच्या पायाशी सुरू होणारी काळी सावली जमिनीवरून भिंतीवर चढते, आणि ती त्याची नसतेच. ती आहे साव पाउलोतल्या ड्यूक ऑफ काशियास यांच्या प्रचंड अश्वारूढ पुतळ्याची, शिल्पकार व्हिक्तोर ब्रेशेरे. काशियास हे ब्राझीलच्या लष्कराचे आदर्शपुरुष, पॅराग्वे युद्धातले सेनापती. सांतियागो तर स्पॅनिश विजेत्यांचा पाठीराखा संत. श्रद्धा आणि तलवार यांचं अमेरिका खंडातलं जुनं नातं इथे एकही शब्द न लिहिता उभं राहतं. लष्करी राजवट संपून तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

त्यानंतर आकार वाढतच गेले. 1998 च्या बिएनालमध्ये इमारतीच्या दर्शनी भागावर जनावरांच्या पावलांचे अजस्र ठसे धावले, आणि 2010 साली साव पाउलोच्या ‘मास्प’ या कलासंग्रहालयावर फुलीच्या टाक्याच्या (क्रॉस-स्टिच) भरतकामासारखं निळं आकाश चढलं.