कट कंटेंट (व्हिडिओ गेम)

व्हिडिओ गेम घडत असताना तयार झालेला, पण विक्रीला आलेल्या आवृत्तीत खेळणाऱ्याच्या वाट्याला न आलेला किंवा वेगळ्याच रूपात आलेला भाग म्हणजे कट कंटेंट. अख्खी लेव्हल, एखादे पात्र, शस्त्र, संवाद, धून, कधी नुसते एक चित्र, असे काहीही त्यात मोडते. खेळणारी मंडळी या सगळ्याला सरसकट ‘बीटा’ म्हणतात. ते चूक आहे. बीटा हा गेम जवळपास पुरा झाल्यावरचा चाचणीचा टप्पा. काटछाट मात्र त्याच्या कितीतरी आधी, कागदावरच्या आराखड्यापासूनच सुरू झालेली असते.

कोल्हापूरच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला, तेव्हा त्यातले कीचकवधाचे दृश्य इतके खरे उतरले होते की ते काढावे लागले. दहा वर्षांनी, प्रभात कंपनी अजून कोल्हापुरातच असताना (ती पुण्याला गेली १९३३ मध्ये), शिवचरित्रावरच्या तिच्या चित्रपटाच्या नावातला ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रज सेन्सॉरला खुपला आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लागला. पहिला दाखला कापल्याचा, दुसरा बदलल्याचा. गेममध्येही हेच दोन प्रकार आहेत. वापरात न आलेल्या भागांची नोंद ठेवणाऱ्या ‘द कटिंग रूम फ्लोअर’ या ऑनलाइन कोशाने तर आपले नावच संकलकाच्या खोलीतून घेतले आहे. पण कापलेली पट्टी टेबलाखाली पडली की ती चित्रपटाबाहेर जाते. गेममधला कापलेला भाग बऱ्याचदा गेमच्या आतच राहतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचतो. या विषयाचे सारे वेगळेपण यात आहे.

तो आत का राहतो, हे नीट समजून घ्यायला हवे. गेम म्हणजे चित्रे, आवाज, नकाशे, संवादांचे तक्ते आणि हे सगळे हलवणारा प्रोग्राम. प्रोग्राम या वस्तूंना बहुधा क्रमांकाने किंवा पत्त्याने हाक मारतो. समजा, ३७ क्रमांकाचे शस्त्र रद्द ठरले आणि कुणी ते यादीतून उचलून टाकले. मग ३८ वे शस्त्र ३७ व्या जागी सरकते, ३९ वे ३८ व्या, आणि पुढच्या प्रत्येक हाकेला भलतेच कुणी ओ देते. गेम कारखान्यात जायला चार दिवस उरले असताना असा धोका कोणी पत्करत नाही. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यात नको असलेली खोली पाडत नाहीत, कारण तिच्या भिंतीवर वरचा मजला उभा असतो. दार तेवढे चिणून घेतात. प्रोग्रामरही तेच करतो. लेव्हलकडे नेणारा रस्ता काढतो, मेनूतली ओळ लपवतो, पात्र जन्माला घालणारी आज्ञा बंद करतो. खोली तशीच राहते, सामानासकट.

कापण्यामागची कारणे बहुतेक वेळा साधी असतात: वेळ पुरत नाही, जागा पुरत नाही, किंवा खेळून पाहिल्यावर मजा येत नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल २’ची पहिली आवृत्ती बरीच पुढे गेलेली असताना निर्मात्यांनी ती बाजूला ठेवली आणि काम नव्याने मांडले. तिची नायिका एल्झा वॉकर गेली, तिच्या जागी क्लेअर रेडफिल्ड आली आणि १९९८ मध्ये गेम बाजारात आला. चाहत्यांमध्ये ती टाकलेली आवृत्ती ‘दीड’ या नावाने ओळखली जाते. ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ हा २००४ चा गेम घाईत पुरा करावा लागला, त्यातल्या तुटक कथानकाचे संवाद फायलींत ध्वनिमुद्रित स्वरूपात सापडले आणि चाहत्यांनी काही वर्षे खपून ते पुन्हा जोडले. जागेचा उलटा दाखला ‘पोकेमॉन’चा आहे. १९९६ च्या पहिल्या गेममधून चाचणीसाठीचा भाग काढल्यावर कॅसेटमध्ये सुमारे ३०० बाइट मोकळे झाले आणि प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी अगदी शेवटी त्यात ‘म्यू’ हा पोकेमॉन बसवला. एक गोष्ट कापली म्हणून दुसरी जन्मली. मला हा या विषयातला सर्वांत लोभस प्रसंग वाटतो.

बदलाची कारणे पुष्कळदा बाहेरून येतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ‘मेटल गिअर सॉलिड २’मधून अजस्र युद्धनौका मॅनहटनवर आदळते ते दृश्य काढले गेले, आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’मधल्या पोलीस गाड्यांचा रंग न्यूयॉर्कच्या पोलिसांची आठवण देणारा होता, तो बदलला गेला. ‘फॉलआउट ३’मध्ये मॉर्फिनचे नाव होते, ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरण मंडळाने गेम अडवल्यावर २००८ मध्ये ते ‘मेड-एक्स’ झाले. त्याच गेमची एक्सबॉक्स ३६० वरची आवृत्ती भारतात आणायचे मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन रद्द केले. गेममधल्या दोन तोंडांच्या गाईंना ‘ब्राह्मिन’ म्हटले आहे, हेच त्यामागे असावे असा तर्क तेव्हा सर्वत्र झाला. ‘पब्जी मोबाइल’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ होऊन परतला, तेव्हा त्यातले रक्त हिरवे झाले होते. रंकाळ्याच्या कठड्यावर फोन आडवे धरून बसलेल्या पोरांनी हा बदल पहिल्याच दिवशी टिपला असेल. अशा गोष्टी खेळणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

चिणलेले दार कधी कधी महागात पडते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’मधला एक प्रणयाचा उपखेळ रद्द झाला होता, पण पुसला नव्हता. २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका मॉडरने (म्हणजे तयार गेममध्ये स्वतः फेरफार करणाऱ्याने) तो उघडणारा छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला आणि ‘हॉट कॉफी’ प्रकरण पेटले. अमेरिकेत गेमचा दर्जा ‘फक्त प्रौढांसाठी’ असा बदलला, मोठ्या दुकानांनी तो फडताळावरून उतरवला. नुसता बंद केलेला भाग हा विकलेल्या वस्तूचाच भाग ठरतो, हे त्या दिवसापासून सगळ्या कंपन्यांना कळले. २०१२ मध्ये ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’च्या डिस्कवर १२ पात्रे कुलूपबंद सापडली, ती पुढे वेगळे पैसे घेऊन विकायची होती. याला कट कंटेंट म्हणणे मला पटत नाही. जे टाकून द्यायचे कधी ठरलेच नव्हते ते कापले कसे?

दार शोधायची रीत चिकाटीची आहे. गेमची फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फायलीतला कच्चा मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली की पडद्यावर अंक-अक्षरांच्या जोड्यांच्या लांबच लांब ओळी येतात, उजवीकडे त्यांचीच अक्षररूपे. बहुतेक सगळा गाळच. मग मधेच कुठेतरी एक सलग शब्द, एका लेव्हलचे नाव, जी लेव्हल कुणीच खेळलेली नाही. ‘सॉनिक द हेजहॉग २’ (१९९२) मधला ‘हिडन पॅलेस’ असाच मागे खुणा ठेवून गेला. गेमच्या साउंड टेस्टमध्ये, म्हणजे त्यातल्या धुना ऐकवणाऱ्या मेनूत, एक धून आहे, जी खेळताना कुठेच वाजत नाही. पुढे अपुऱ्या आवृत्तीची प्रत हाती लागली, तिच्यात हिरवट गुहांची ती लेव्हल होती, आणि २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत ती अधिकृतपणे परत आली. पुरा होऊनही १९९५ मध्ये रद्द झालेला ‘स्टार फॉक्स २’ उजेडात यायला २०१७ साल उजाडले.

आपल्याकडच्या ग्रंथसंशोधनाने ‘पाठभेद’ (एकाच ग्रंथाच्या प्रतींमधला फरक) आणि ‘क्षेपक’ (मागाहून दुसऱ्याने घुसवलेला भाग) हे दोन फार नेमके शब्द दिले आहेत. ते इथे बेधडक वापरावेत. ‘झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’च्या १९९८ च्या पहिल्या कॅसेटींत अग्निमंदिरात मंत्रघोष ऐकू येतो आणि खलनायक गॅनॉनडॉर्फचे रक्त लाल आहे, नंतरच्या कॅसेटींत घोष नाही आणि रक्त हिरवे. दोन्ही अस्सल, म्हणून हा पाठभेद. चाहत्यांनी स्वतःच्या आवाजात संवाद घालून पुरी केलेली लेव्हल मात्र क्षेपक. ती कितीही सुंदर असो, मूळ कर्त्याच्या नावावर घालू नये.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात वाढलेल्यांच्या हातून असे पाठभेद नकळत गेले आहेत. ‘कॉन्ट्रा’ ज्याने खेळला नाही असे घर पेठेत शोधावे लागेल. त्याच्या जपानी कॅसेटमध्ये वेगळी चिप होती. तिथे टप्प्यांच्या मधे नकाशा उलगडतो, जंगलातली झाडे वाऱ्याने हलतात, बर्फाच्या लेव्हलमध्ये बर्फ पडतो. अमेरिकी कॅसेटमध्ये यातले काहीच नाही. युरोपात तर १९९० मध्ये माणसांच्या जागी यंत्रमानव घालून तोच गेम ‘प्रोबोटेक्टर’ नावाने विकला गेला. आपल्याकडे आल्या त्या ‘९९९९ इन १’ छापाच्या नकली कॅसेटी. त्यांत मोजकेच गेम फिरवून फिरवून भरलेले असत आणि कित्येकांच्या सुरुवातीच्या पडद्यावरची कंपनीची ओळ पुसलेली असे. नकलाकाराने केलेली ही तिसरी काटछाट अजून फारशी कुणी नोंदवलेली नाही. माळ्यावर अशी कॅसेट असेल तर ती भंगारात घालू नये.

कंपनीतून बाहेर आलेल्या अपुऱ्या आवृत्त्यांची स्थिती याहून नाजूक आहे. दुकानातल्या कॅसेटमधली मास्क रॉम चिप कारखान्यातच कायमची कोरलेली असते. चाचणीच्या कॅसेटीत बहुधा ईप्रॉम चिप बसवत, जिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की चिपमधले सगळे पुसते. म्हणून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावतात, बहुधा वर पेनने तारीख आणि आवृत्ती लिहिलेली. प्रकाश नाही लागला तरी त्यातला विद्युतभार दशकांमागून दशके थोडाथोडा झिरपतच असतो. त्यामुळे अशी चिप हाती आली तर पहिले काम तिची डिजिटल प्रत काढण्याचे. चिकटपट्टीवरचे वाचून घ्यावे, फोटो काढावा, पण ती सोलू नये.