लेनापे नावं आणि त्यांचे उच्चार: स्काउट्सच्या 'ऑर्डर ऑफ द अ‍ॅरो'ची पार्श्वभूमी

जुलै १९१५ मध्ये डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंड बेटावर फिलाडेल्फियाच्या स्काउट्सचा कॅम्प होता, तिथे अर्नर गुडमन आणि कॅरोल एडसन या दोघांनी 'ऑर्डर ऑफ द अ‍ॅरो' ही निवडक स्काउट्सची मानाची संघटना सुरू केली. नदीचा तो सगळा परिसर मूळचा लेनापे (म्हणजेच डेलावेअर) या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांचा, म्हणून विधींमध्ये आणि नावांमध्ये त्यांची भाषा आली. ऑर्डरचा सगळ्यात वरचा मान म्हणजे व्हिजिल. ज्याला तो मिळतो तो रात्रभर एकटा शेकोटी जागती ठेवून बसतो आणि मग त्याला बहुतेक वेळा एक लेनापे नाव देतात.

आता नाव द्यायचं तर शब्द कुठून आणायचे? गुडमन-एडसनच्या वेळेपर्यंत लेनापे लोकांना तिथून हुसकावून पिढ्या उलटल्या होत्या, ओहायो, इंडियाना, मिझुरी, कॅन्सस असं करत करत बरेचसे शेवटी ओक्लाहोमात पोचले, काही कॅनडात गेले. म्हणजे नदीकाठी भाषा बोलणारी माणसं फारशी नव्हती, राहिले होते ते मोरेव्हियन (जर्मन बोलणाऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या) मिशनऱ्यांचे कागद. त्यांच्यातल्या डेव्हिड झाइसबर्गरने अठराव्या शतकात ही भाषा शिकून शब्द लिहून ठेवले, पण लिहिले ते जर्मन वळणाने. ऑर्डरमध्ये चालत आलेली स्पेलिंगं याच वळणाची आहेत आणि उच्चाराचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

एकच शब्द बघा, सूर्य. जुन्या स्पेलिंगमध्ये तो जी-आय-एस-सी-एच-यू-सी-एच. इंग्लिश शाळेत शिकलेला मुलगा हे 'गिस्कच' किंवा असंच काहीतरी वाचणार. जर्मन डोळ्यांनी वाचलं तर एस-सी-एच म्हणजे श आणि शेवटचा सी-एच म्हणजे घशातून घासत येणारा ख़, उर्दूतल्या 'ख़त'मधला. सुरुवातीला जी लिहिलाय पण आजचं लेनापे स्पेलिंग के ने सुरू होतं, म्हणजे किशुख़. आणि त्या नव्या स्पेलिंगमध्ये ख़ साठी एक्स वापरतात. (गोव्याच्या रोमी कोकणीत तोच एक्स श असतो, म्हणजे अक्षर कोणाच्या हाताने आलं यावर सगळं आहे.)

दुसरी अडचण व्याकरणाची. लेनापेत एकेका क्रियापदात आपलं अख्खं वाक्य मावतं, डिक्शनरीतले दोन शब्द शेजारी ठेवले की नाव तयार झालं असं होत नाही, आणि जुन्या यादीतून जोडलेल्या नावांचं बरेचदा तेच झालंय असं मला वाटतं.

ओक्लाहोमात मात्र भाषा बोलली जात होती. लेनापे समाजातल्याच नोरा थॉम्पसन डीन, जन्म १९०७, यांनी १९८४ मध्ये जाईपर्यंत अभ्यासकांना आणि आपल्या लोकांना ती शिकवली, आणि आज डेलावेअर ट्राइबच्या ऑनलाइन बोलत्या डिक्शनरीत शब्दावर क्लिक केलं की बोलणाऱ्यांचा खरा आवाज ऐकू येतो. न्यूजर्सी म्हणजे लेनापेंचीच जमीन, तिथे आपली कितीतरी मराठी घरं आहेत आणि त्यांच्यातली काही मुलं स्काउटिंगमध्येही आहेत, त्यांच्यापैकी कोणाला असं नाव मिळालं तर कागदावरचं स्पेलिंग पाठ करायच्या आधी तो आवाज ऐकवा. 'वानिशी'पासून सुरुवात करा, त्याचा अर्थ 'धन्यवाद'.