डब्यावर ‘८ एमएम’ लिहिलंय, पण कुठली?

जुन्या काउबॉयपटांची रिळं जमवणाऱ्याची पहिली फसगत रुंदीपायी होते. रेग्युलर ८ (हिलाच स्टँडर्ड ८ म्हणतात) आणि सुपर ८, दोन्ही फिती आठ मिलिमीटरच रुंद. विकणारा डब्यावर नुसतं ‘८ एमएम’ लिहून मोकळा होतो. नावावरूनही कळत नाही, कारण अमेरिकेतल्या आयोवाची ब्लॅकहॉक फिल्म्स तर मूकपटांच्या प्रती दोन्ही मापांत विकायची.

मी एकदा पाठलागाचं एक रीळ मागवलं. प्रोजेक्टर सुपर ८चा. रिळाचं मधलं भोक दांड्यावर बसेना. शहाण्याने तिथेच थांबावं. मी फीत दुसऱ्या रिळावर गुंडाळून घेतली. पडद्यावर घोडा थरथरला, टकटक आवाज झाला आणि फीत गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या खाचेत, अडकली.

झालं असं की रेग्युलर ८ ही मुळात १६ एमएमची पोटची. कोडकने ती १९३२ साली आणली. कॅमेऱ्यात १६ एमएमची फीत आधी एका कडेने चालवायची, मग उलटवून दुसऱ्या कडेने, आणि धुतल्यावर मधोमध चिरायची. त्यामुळे फितीच्या कडेची भोकं (ज्यांत अडकून प्रोजेक्टरचा पंजा फीत पुढे ओढतो) मोठी राहिली आणि चित्राची जागा खाऊन बसली. १९६५ साली सुपर ८ आली तेव्हा भोकं बारीक केली आणि वाचलेली जागा चित्राला दिली. चौकट, म्हणजे फितीवरचं एकेक चित्र, जवळपास दीडपट झाली, दोन भोकांमधलं अंतरही वाढलं. माझ्या प्रोजेक्टरचा पंजा त्या वाढीव अंतराने फीत ओढत होता.

एका फुटात रेग्युलरच्या ८० चौकटी मावतात, सुपरच्या ७२. म्हणून २०० फुटांचं मूक रीळ रेग्युलरमध्ये सेकंदाला १६ चौकटींनी पावणेसतरा मिनिटांच्या आसपास चालतं, सुपरमध्ये १८ने सव्वातेरा.

ओळखायचं कसं? फीत उजेडासमोर धरा. भोक दोन चौकटींमधल्या रेषेवर असेल तर रेग्युलर, चौकटीच्या मध्यावर असेल तर सुपर. रिळाच्या मधल्या भोकावर (रेग्युलरचं लहान, सुपरचं मोठं) विसंबू नका; माझ्यासारखे उद्योगी लोक जगात बरेच आहेत.

मोठी चौकट म्हणजे चांगली प्रत, हे मात्र खरं नाही. चांगल्या निगेटिव्हवरून काढलेली रेग्युलरची कृष्णधवल प्रत आजही खणखणीत दिसते. उलट सत्तरच्या दशकातल्या सुपर ८च्या कितीतरी रंगीत प्रती आता गुलाबी पडल्यात: आकाश गुलाबी, वाळवंट गुलाबी, शेरीफही गुलाबी. बोलपट हवा असेल तर सुपर बघा. भोकांच्या विरुद्ध कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी दिसेल. मुक्या घोडदौडीसाठी मी रेग्युलरच घेतो.

नायट्रेटच्या (पूर्वीच्या झटकन पेट घेणाऱ्या फितीच्या) आगीची भीती दोन्हींत नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर मात्र ते रीळ इतरांपासून लांब ठेवा, फीत कुजायला लागल्याची ती खूण, आणि ती कीड पसरते.

माझं ते रीळ मी चिकटपट्टीने सांधलं आणि दोन्ही मापं चालवणारा प्रोजेक्टर घेतला. नायक आता घोड्यावर टांग टाकतो आणि दहाएक चौकटी गिळून थेट दरीत उतरतो.