फुटणारा दाणाच चांगला

‘दाणा जितका कठीण, तितका सँडिंग बेल्ट (मशीनवर फिरणारा, घासायचा दाणेदार पट्टा) चांगला’ ही समजूत कारखान्यापासून घरच्या गॅरेजपर्यंत सगळीकडे भेटते. तसं असतं तर सिलिकॉन कार्बाइडच्या दाण्याने पोलाद सगळ्यात छान कापलं असतं. तो ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या साध्या दाण्यापेक्षा कठीण आहेच. पण घासताना तापलेलं लोखंड त्यातला कार्बन ओढून घेतं आणि दाण्याची धार रासायनिक रीतीनेच झिजते.

मी एकदा पोलादी पात्याची कड घासत होतो. पट्टा टिकावा म्हणून अगदी हलक्या हाताने. कड निळी पडली, म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं होतं. नंतर पट्टा भिंगाखाली धरला. दाणे सगळे जागच्या जागी होते, फक्त प्रत्येकाचा माथा सपाट आणि चकचकीत झाला होता. पट्टा झिजला नव्हता, गुळगुळीत झाला होता.

गंमत इथेच आहे. दाणा बोथट झाला की त्याचा धातूला टेकणारा भाग वाढतो, त्याच्यावरचं बल वाढतं. हे बल दाण्याला तडा जाण्याइतकं झालं तर कपची उडते आणि खाली नवी धार उघडी पडते. तेवढं झालं नाही तर दाणा नुसता घासत बसतो आणि तुमची सगळी ताकद उष्णतेत जाते.

आता तडा कसा जातो ते दाण्याच्या आतल्या रचनेवर ठरतं. साधा ॲल्युमिनियम ऑक्साइड भट्टीत वितळवून, थिजवून, मग फोडून करतात. त्याचे स्फटिक मोठे, त्यामुळे तडा सरळ धावतो आणि मोठा तुकडा वाया जातो. सिरॅमिक दाणा मात्र जेलपासून बनवून भट्टीत भाजतात. त्यातले स्फटिक एका मायक्रॉनहून लहान असतात, तर पी३६चा अख्खा दाणा सुमारे ५४० मायक्रॉनचा (पी क्रमांक दाण्याचा आकार सांगतो; आकडा लहान तितका दाणा भरड). तड्याला प्रत्येक स्फटिकाच्या सीमेवर वळावं लागतं, म्हणून बारीकशीच कपची निघते. झिर्कोनिया हा तिसरा प्रकारचा दाणा या दोघांच्या मधला. पण झिर्कोनिया काय, सिरॅमिक काय, दाब नसेल तर फुटत नाहीत. महागडा पट्टा जपून वापरणं म्हणजे त्याला बोथट करणं.

शिसवीसारख्या कठीण लाकडावर प्रश्न निराळा. तिथे दाणा बोथट होण्याआधी पट्टा भुशाने आणि राळेने बुजतो. लाकूड उष्णतेचं चांगलं वाहक नाही, त्यामुळे बुजलेला पट्टा लगेच काळा डाग पाडतो. म्हणून लाकडासाठी दाणे विरळ पेरलेला पट्टा घ्यावा, धातूसाठी दाट. सुरुवात भरड दाण्याने करावी. बारीक पट्ट्याने खोल ओरखडे घालवत बसलात तर फक्त धूर निघेल.

पट्ट्याच्या रंगावर जाऊ नका. लाल किंवा निळा हा रंग उत्पादकाने दिलेला असतो, त्याने धार येत नाही. मागच्या बाजूला छापलेलं दाण्याचं नाव आणि पी क्रमांक वाचा. आणि लाकडाच्या भुशाने भरलेली धूळपिशवी मशीनला तशीच ठेवून त्यावर पोलाद घासू नका, एक ठिणगी आत गेली तरी भुसा पेट घेऊ शकतो.