तियागो : याकोबाचे पोर्तुगीज रूप

पोर्तुगीज ‘तियागो’ म्हणजे मराठी बायबलमधला याकोब. दोन्ही नावे शेजारी ठेवली तर नाते सहज पटत नाही, कारण तियागोतला ‘त’ मूळ नावाचा नाहीच. तो ‘संत’ या उपाधीचा आहे.

मूळ हिब्रू नाव याकोव्ह. जुळा भाऊ एसाव याची टाच धरून तो जन्मला, असे बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात आहे. हिब्रूत टाचेला ‘आकेव’ म्हणतात. नावांच्या बहुतेक याद्या ‘टाच धरणारा’ किंवा ‘दुसऱ्याची जागा घेणारा’ यावरच थांबतात. पण ही बायबलने सांगितलेली उपपत्ती झाली. त्या प्रदेशातील अमोरी या प्राचीन लोकांच्या नावांशी ताडून अनेक अभ्यासक ‘देव रक्षण करो’ असा अर्थ लावतात, आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो.

ग्रीकमधून हे नाव लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ म्हणून आले. पश्चिम आयबेरियात (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) शेवटचा भाग झिजला आणि स्वरांमधल्या ‘क’चा ‘ग’ झाला, जसे ‘अमिकुस’चे (मित्र) ‘अमिगो’ झाले. उरले ‘इयागो’. नवव्या शतकात वायव्य स्पेनच्या गॅलिसियातील कोंपोस्तेला येथे येशूचा शिष्य प्रेषित याकोब याची कबर सापडल्याचे मानले गेले आणि यात्रा सुरू झाली. ‘सांत’ आणि ‘इयागो’ सतत एका दमात उच्चारले गेल्याने ‘सांतियागो’ असा एकच शब्द रूढ झाला.

पोर्तुगीजमध्ये संताचे नाव स्वराने सुरू होत असेल तर ‘सांतु’ लावतात (सांतु आंतोनियु) आणि व्यंजनाने होत असेल तर ‘साँव’ (साँव जुआँव). सांतियागोची फोड करताना लोकांनी ‘त’ नावाकडे ओढला, म्हणून ‘साँव तियागो’ झाले. उपाधी गळाली आणि ‘तियागो’ सुटे झाले. पोर्तुगीज बायबलमधले याकोबाचे पत्र तियागोच्याच नावाने आहे, उत्पत्तीतला याकोब मात्र ‘जाको’ किंवा ‘जाकोब’. मराठीत दोघांनाही एकच नाव असल्याने भाषांतरात हा फरक हमखास निसटतो. ‘जायमे’ हे याच घराण्यातले. ते ‘याकोमुस’ या उत्तरकालीन लॅटिन रूपातून आले.

‘दियोगो’ या दुसऱ्या पोर्तुगीज नावाबाबत जपून राहावे. तेही सांतियागोतूनच फुटले असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत त्याच्या जागी ‘दिदाकुस’ येते, याकोबुस नव्हे. त्यामुळे ही दोन नावे मुळात वेगळी असण्याची शक्यता मोठी. म्हणून गोव्यात १५९५ साली स्थापन झालेल्या दप्तरखान्याचे पहिले प्रमुख, इतिहासकार दियोगो दु कोतो यांचे नाव ‘याकोब’ असे उलगडू नये. गोवा-वसईकडचे डायस आडनावही दियोगोच्या कुळातले, ‘दियोगोचा मुलगा’ या अर्थाचे.

व्यक्तिनाम म्हणून तियागो दीर्घकाळ दुर्मीळ होते. ते खरे फोफावले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्राझीलमध्ये पुष्कळजण त्यात ‘ह’चे अक्षर घालतात. व्युत्पत्तीत त्याला आधार नाही आणि त्याने उच्चारही बदलत नाही. रिओकडे ‘चिआगु’ ऐकू येते ते ‘इ’पूर्वीच्या ‘त’चा तिथे ‘च’ होतो म्हणून. लिस्बनचा उच्चार ‘त्यागु’च्या जवळ जातो, पण संस्कृत ‘त्याग’शी त्याचा काही संबंध नाही.

आपल्याकडे हे नाव घरोघरी पोहोचले ते टाटा मोटर्सच्या गाडीमुळे. तिचे आधीचे नाव ‘झिका’ होते; त्याच नावाच्या विषाणूची साथ पसरल्यावर २०१६मध्ये ते बदलून ‘टियागो’ केले गेले.